पायडल काढलेली सायकल

गुरुजी, आज रविवार, सोळा नोव्हेंबर, दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं आहेत आणि मी अंगणात बाबांची सायकल उलटी करून तिची पायडलं काढत बसलो आहे. उजवं लगेच निघालं. डावं निघत नव्हतं, कारण मी चुकीच्या बाजूला फिरवत होतो आणि निघत नाही म्हणून त्याच बाजूला आणखी जोर लावत होतो. मग तुमचा आवाज आठवला. ‘डाव्याचे आटे उलटे असतेत बाबू. कायले भांडून राहिला त्याच्यासंग?’ पाना दुसरीकडे फिरवला आणि ते सुटलं. पानाही तुमचाच आहे. कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला आहे, तो माझ्या बोटांचा. दुसरा कागद घेतला असता, पण मग सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं असतं, आणि लिहिता लिहिता हात थांबले तर भीती पुन्हा वर येते.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. मी तुम्हाला आठवत असेन की नाही, सांगता येत नाही. चौथीच्या वर्गात खिडकीजवळ बसायचो. शुद्धलेखनाच्या तासाला माझी चूक सापडत नसे आणि खेळाच्या तासाला मी सापडत नसे. आता मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या, लग्नघराच्या दारावरच्या. सायकलींच्या चेनकव्हरवर नावंही लिहितो. ऱ्हस्वदीर्घ चुकलेली पाटी दिसली, मग ती दुसऱ्याची का असेना, तर दिवसभर डोक्यातून जात नाही. गावात मला ‘पैदल पेंटर’ म्हणतात, कारण रंगाचे डबे पिशवीत घालून मी तालुक्याला, पवनीपर्यंत पायी जातो. सव्वीस वर्षांचा आहे आणि मला सायकल चालवता येत नाही. ज्या माणसाला सायकलच येत नाही त्याला मोटरसायकल कुठून येणार? लोक हसतात, मीही हसतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो. कधी वाईट पडलो होतो म्हणावं तर तसंही नाही. पडण्याइतका मी तिच्यावर कधी बसलोच नाही.

आता उद्याचं सांगतो. माझी धाकटी बहीण नववीत आहे. तुम्ही गेलात त्या वर्षी ती जन्मली. हायस्कूल आपल्या गावापासून सहा किलोमीटर लांब आणि गावातल्या दहा मुली ओळीनं सायकलीवर तिकडे जातात. रस्ता तुमचाच आहे, तुम्ही रोज पवनीहून त्याच रस्त्यानं यायचात. आधी धानाच्या बांध्या, मग बोडीची पाळ, तिच्या एका अंगाला तळ्याचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खोल शेत, मग नाल्याचा उतार, आणि उताराच्या दोन्ही बाजूंना साग आणि रायमुनियाची दाट झुडपं. दिवाळीच्या आधी त्या नाल्याजवळ वाघानं कालवड मारली. जंगल खात्याचा माणूस येऊन चिखलातली पावलं पाहून गेला आणि सांगून गेला की कोणी एकट्यानं जायचं नाही, घंटी वाजवत जायचं आणि पोरींसोबत रोज एक मोठं माणूस पाहिजे.

ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली. मोटरसायकलवाल्यांनी ‘आम्ही जातो’ म्हणून आधी हात वर केले. पण पहिल्या दिवशी जो गेला तो पोरींच्या चालीनं गाडी चालवून कंटाळला, पुढे निघून गेला आणि शाळेच्या फाटकाजवळ तंबाखूचा खर्रा खात उभा राहिला. दुसऱ्या बैठकीत शेजारच्या काकू, ज्यांची मुलगी त्या ओळीत आहे, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वाघ काय शाळेच्या गेटापाशी येऊन राहिला का रे? सायकलीच्या मांगं सायकलच पाह्यजे. ज्याच्या घरची पोरगी, त्याच्या घरची पाळी.’ तेच ठरलं. मोठ्या माणसानं ओळीत सगळ्यात शेवटी राहायचं, हेही ठरलं, कारण वाघ मागून येतो असं सगळे म्हणतात. आमची पाळी बाबा करायचे. गेल्या आठवड्यात धानाची पोती उतरवताना ट्रॉलीची फळी त्यांच्या पायावर पडली. पाय सुजून असा झाला आहे की चप्पल चढत नाही. मायला सायकल येत नाही. घरात धड पायांचा पुरुष मी एकटाच. आणि पाळी उद्या आहे.

सकाळी मी काकूंकडे गेलो होतो. त्या अंगणात धान वाळत घालत होत्या. म्हणालो, ‘काकू, उद्याची पाळी तुम्ही घ्या ना. तुमच्या घराचं दार मी रंगवून देतो.’

‘दार राहू दे. तुले काय झालं? हातपाय धड हायेत ना?’

‘हायेत.’

‘मंग? वाघाले भेतो काय?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘सारेच भेतेत बापा. मी बी भेतो. म्हनून तं पाळी हाय.’

वाघाची भीती सगळ्यांना समजते. तिच्यासाठी बैठक होते, पाळ्या लागतात. सायकलीची भीती सांगितली तर माणसं आधी हसतात आणि मग तुमच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहतात. गुरुजी, मला वाघापेक्षा सायकलीची भीती जास्त वाटते. वाघ त्या नाल्याजवळ असेल किंवा नसेल. सायकल आत्ता इथे अंगणात आहे.

बहिणीला सगळं कळतं. मी काकूंकडून परत आलो तेव्हा ती हातपंपावर भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘राहू दे ना दादा. उद्या मी जातच नाई. एका दिवसानं काय होते?’

एका दिवसानं काय होतं ते मला माहीत आहे. नववीत मीही त्याच हायस्कुलात होतो. बाकीची पोरं सायकलीवर जायची आणि मी पायी. कोणी डबल सीट बसवलं तर मी त्याचा सदरा मागून इतका घट्ट धरायचो की दुसऱ्या दिवशी तो मला टाळायचा. कितीही लवकर निघालो तरी पोचेपर्यंत पहिला तास अर्धा झालेला असे, आणि उशिरा आलेल्यांनी बाहेर उभं राहायचं असे. एकदा पावसात बोडीच्या पाळीवरूनच परत फिरलो. माय चुलीपाशी होती. माझे ओले कपडे बघून म्हणाली, ‘राहू दे, एका दिवसानं काय होते.’ त्या दिवशी चुलीजवळ बसून मी भात आणि वरण खाल्लं आणि मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. पोळ्यानंतर तर दप्तर खुंटीवरून काढलंच नाही. सगळ्यांना वाटतं मला गणित जमत नव्हतं. बाबांनाही तसंच वाटतं. मी वाटू दिलं. गणित मला चांगलं यायचं, गुरुजी. सहा किलोमीटर रस्ता जमला नाही.

म्हणून ती पंपाजवळ तेच बोलली तेव्हा मी म्हणालो, ‘तू जाशीन. मी येतो.’ ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं, ‘कसा?’ मी घरात गेलो, पत्र्याची पेटी उघडली, ब्रशांच्या खाली ठेवलेला तुमचा पाना बाहेर काढला. आणि मला शनिवार आठवला.

शनिवार आहे. सकाळची शाळा. तुम्ही तुमची काळी सायकल व्हरांड्यात उलटी करून ठेवली आहे, सीट आणि हँडल खाली, चाकं वर, आणि आम्ही भोवती बसलो आहोत. फळ्यावर तुम्ही काहीच लिहीत नाही. म्हणता, ‘आज आपन सायकल मांगं मांगं नेऊ. एकेक वस्तू काढू आनि एकेका मानसापाशी जाऊ.’ पहिल्यांदा व्हॉल्व्ह सोडता. हवा फुस्स करून निघून जाते आणि पुढचा पोरगा दचकतो. हवेचा टायर, तुम्ही सांगता, जनावरांच्या एका डॉक्टरनं केला. त्याच्या पोराची तीन चाकांची सायकल दगडांवरून खडखडायची आणि पोरगं रडकुंडीला यायचं, म्हणून. कोणीतरी विचारतं, ‘जनावराचा डाक्टर, गुरुजी?’ तुम्ही म्हणता, ‘हो तं. म्हनून बैलाले सुई माराले येतो ना, त्याले रामराम करत जा.’

मग चेन निघते. चेन आली तेव्हाच मागचं चाक फिरवता यायला लागलं आणि दोन्ही चाकं सारखी झाली, तिकडे इंग्लंडात. तिच्या आधी? तुम्ही वर्गातल्या सगळ्यात आगाऊ पोराला खिडकीच्या चौकटीवर चढवून बसवता. ‘एवढ्या उंच बसे तो मानूस. समोरचं चाक त्याच्या छातीएवढं, मांगचं एवढंसं. आता खाली गोटा आला तं कुठं जाईन?’ आम्ही सगळे ओरडतो, ‘नाकावर!’ ‘मंग काहून केलं एवढं मोठं?’ पायडल समोरच्या चाकालाच असायचं, तुम्ही सांगता. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. चाक जेवढं मोठं तेवढं एका फेऱ्यात लांब जाणार. ‘लालच, बापा,’ तुम्ही म्हणता, ‘दुसरं काय.’ खिडकीतला पोरगा वरूनच विचारतो की त्या माणसाला उतरायचं कसं ते माहीत होतं का, आणि तुम्ही म्हणता, ‘उतरनं शिकायच्या आंधीच चढले सारे.’ सगळे हसतात. माझ्या तळहातांना घाम आला आहे.

त्याच्याही आधी फ्रान्समध्ये लाकडी चाकं होती, वर लोखंडी पट्टी, आणि पायडल समोरच्या चाकाला. ते कसं लागायचं हे कळावं म्हणून तुम्ही हवा गेलेली सायकल पटांगणातल्या मुरुमावरून ढकलायला लावता. दात दातांवर आपटतात. शेवटी पायडलं निघतात, डाव्याचे आटे उलटे असतात ते तेव्हाच कळतं, आणि उरतात फक्त दोन चाकं, एक सीट, एक हँडल. तुम्ही सायकल सरळ उभी करता. ‘हे पह्यली.’ दोनशे वर्षांमागं जर्मनीत जंगल खात्याच्या एका अधिकाऱ्यानं केली. म्हणतात की त्या सुमारास तिकडे पीक बुडालं, घोड्यांना चारा मिळेना, तर त्याला चारा न खाणारा घोडा पाहिजे होता. ‘खरं खोटं तो जाने. पन बसायचं आनि जमिनीले पायानं मांगं ढकलत पुढं जायचं, बस.’

तुम्ही सीट खाली करता आणि एकेकाला बसवता. माझी पाळी येते. मी बसतो. दोन्ही पाय जमिनीवर पोचतात. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि माझ्याखाली चाकं चालतात. पटांगणाला मी पूर्ण चक्कर मारतो, मग न विचारता दुसरी. आजपर्यंत दोन चाकांवर मी एवढाच प्रवास केला आहे आणि तो मला आवडला होता.

पुढच्या शनिवारी तुम्ही सायकल पुन्हा जोडत आणली. पायडलं लागली, चेन लागली, हवा भरली. ज्यांना येत नव्हती तीही पोरं पडत धडपडत दुपारपर्यंत शिकली. मी पायडल लागेपर्यंत थांबलो आणि मग पाणी प्यायला गेलो. तुम्ही मला हौदापाशी गाठलं. रागावला नाहीत. म्हणालात, ‘तू पह्यल्याच मानसापाशी थांबला रे. थांब. पन तो बी तिथंच थांबला असता तं आज मी पवनीहून पायी आलो असतो.’ मला त्या बोलण्याचा राग आला होता. अजूनही थोडा येतो.

त्याच वर्षी परीक्षेत तुम्ही प्रश्न घातला होता, सायकलीतला सगळ्यात मोठा शोध कोणता, कारणासह लिहा. कोणी चेन लिहिलं, कोणी ब्रेक, कोणी हवेचा टायर. मी ‘स्टँड’ लिहिलं. कारण दिलं, स्टँडमुळे सायकल माणसाशिवाय उभी राहते व पडत नाही. तुम्ही ते वर्गात वाचून दाखवलं आणि पोरं बाकांवर लोळली. तुम्ही हसू दाबून म्हणालात, ‘बराबर हाय. पडत नाई. पन जात बी नाई ना बाबू.’ आणि एका गुणाच्या प्रश्नाला अर्धा गुण दिलात. उरलेला अर्धा कशाला कापला, हे विचारायचं राहून गेलं.

पाना मी चोरला नव्हता. मी पाचवीत होतो. त्या दिवशी तुम्हाला छातीत जड वाटत होतं म्हणून सरपंचांनी मोटरसायकलवर बसवून घरी नेलं. निघताना सायकलीच्या हँडलला लावलेली पिशवी माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, ‘ठेव तुझ्यापाशी, शनिवारी घेतो.’ शनिवारच्या आधीच बातमी आली. तुमची सायकल बरेच दिवस व्हरांड्यात स्टँडवर उभी होती. मी रोज येऊन सीटवरची धूळ पुसायचो. मग तुमचा मुलगा आला, मोठा होता, कॉलेजात जाणारा. पिशवी मी त्याच्या हातात दिली. त्यानं आतले कागद घेतले आणि पाना माझ्याकडेच ठेवायला सांगितला. मला वाटलं तो सायकल हातात धरून नेईल. तो तिच्यावर बसला आणि चालवत गेला. बोडीच्या पाळीवर त्याचा सदरा वाऱ्यानं फुगला होता, तो मी शाळेच्या फाटकातून दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

एक गोष्ट मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. आपल्या गावातला कोणीही पोरगा सायकल शिकतो तेव्हा त्यानं आधी शेकडो माणसं सायकलीवर जाताना पाहिलेली असतात. आपण पडलो तरी ती चालते, हे त्याला माहीत असतं. पण ज्यानं पहिल्यांदा पाय जमिनीवरून उचलले त्यानं कोणालाच पाहिलं नव्हतं. दोन चाकं एकामागे एक, मध्ये काही आधार नाही, ती उभी राहतील हे त्याला कोणी सांगितलं? तुम्ही डॉक्टरचं सांगितलं, उंच चाकावरच्या माणसाचं सांगितलं, पण याचं काही सांगितलं नाही. पायडल असतं तर पाय ठेवायला जागा तरी असते. त्याच्याकडे पायडलही नव्हतं. त्यानं पाय उचलून ठेवले कुठे? याचा विचार केला की आत्तासुद्धा, बसल्या जागी, माझ्या पोटऱ्या ताठ होतात.

तर उद्याचं मी असं ठरवलं आहे. मला पहिली सायकल येते. म्हणून पायडलं काढली आहेत. चेनही काढली. पायडलांचा दांडा, क्रँक, पायांना लागू नये म्हणून सुतळीनं फ्रेमला बांधला आहे. सीट खाली ठोकली. ब्रेकचे रबरी गुटके नवे घातले आणि पुढचा मागचा दोन्ही पाहून ठेवले. पोरी काही फार जोरात चालवत नाहीत. मी पायानं ढकलत त्यांच्या मागे राहीन. बाबांनी खाटेवरून हे सगळं बघितलं आणि म्हणाले, ‘पायी गेला असता तं बरं दिसलं असतं.’ पायी गेलं तर पोरींना थांबत थांबत जावं लागेल आणि त्यांचा पहिला तास जाईल. हे मी त्यांना सांगितलं नाही.

सोमवार, दुपार. परत आलो आहे. बहीण शाळेत आहे, दहाही जणी शाळेत आहेत, त्यांना घ्यायला पुन्हा जायचं आहे. त्याआधी हे लिहून ठेवतो.

सकाळी पिंपळाजवळ सगळ्या जमल्या होत्या. मी सायकल हातात धरून आलो तशा त्यांच्या घंट्या बंद झाल्या. त्यांच्या दहाही चेनकव्हरवर नावं मीच लिहिली आहेत, म्हणून त्या मला ओळखून आहेत आणि भीत नाहीत. काकूंची मुलगी सगळ्यात बोलकी. म्हणाली, ‘पेंटर दादा, पायडल घरी इसरले का चोरी गेले?’

मी म्हणालो, ‘हे जगातली पह्यली सायकल हाय. जंगल खात्याच्या मानसानं केली होती.’

‘असं का! तरीच. वाघ बी त्याईच्याच खात्याचा हाय.’

हसण्याचा असा फवारा उडाला की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसंही हसायला लागली. बहीण मान खाली घालून हँडलवरचा डाग नखानं खरवडत होती. मग तिनं एकदम घंटी वाजवली आणि म्हणाली, ‘चला ना वो, तास जाईन,’ आणि सगळ्यांच्या पुढे निघाली.

बांध्यांमधला रस्ता सपाट आहे. मी ढकलत होतो, एक पाय, दुसरा पाय, आणि खरोखर मागे राहिलो नाही. दम लागत होता, चप्पल निसटत होती, पण पाय जमिनीला लागत होते तोवर मी ठीक होतो. धान कापलेल्या शेतातून बाया उभ्या राहून बघत होत्या. पाळीवर मी पाण्याच्या बाजूला पाहिलंच नाही, समोरच्या मुलीच्या मागच्या चाकावर नजर ठेवली. चाकाजवळच्या चेनकव्हरवर माझ्या हातानं लिहिलेलं नाव होतं आणि त्यातली वेलांटी किंचित वाकडी आली आहे हे मला पहिल्यांदा दिसलं.

पाळ संपते आणि उतार सुरू होतो तिथे वानर ओरडलं. आधी एक, मग सागाच्या शेंड्यावरून दुसरं, ते खोकल्यासारखं ओरडणं, जे खाली काही दिसल्याशिवाय ती ओरडत नाहीत. पोरींच्या घंट्या थांबल्या. घंटी वाजवायला सांगितली होती, पण त्या वेळी कोणाचा अंगठा हलला नाही. सगळ्यांनी चाल मंद केली. मी शेवटी होतो. आणि माझ्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, रायमुनियाच्या झुडपात काहीतरी हललं. वारा नव्हता.

मी पाय उचलले, गुरुजी. दोन्ही. जमिनीवर राहिलेला पाय कोणीतरी धरेल असं वाटलं म्हणून वर घेतले, गुडघे छातीशी आले असतील. सायकल उतारावर सुटली. मी पडायची वाट पाहत होतो आणि पडत नव्हतो. मुरूम चाकाखाली सरसरत होता, पोरी एकेक करून माझ्या बाजूनं मागे गेल्या, बहिणीचा चेहरा एक क्षण दिसला, तोंड उघडं. ब्रेक आठवले नाहीत. पुलाच्या नळ्यांवरून खड्डकन गेलो, पलीकडचा चढ लागला, वेग आपोआप कमी झाला आणि ती थांबायला आली तेव्हा मी पाय खाली ठेवले. मागे वळून पाहिलं. दहा जणी घंट्या वाजवत, ओरडत, हसत रडत खाली येत होत्या. झुडपातून काहीच बाहेर आलं नाही. एक म्हणाली डुक्कर होतं, एक म्हणाली रानमांजर. काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काकूंची मुलगी धापा टाकत माझ्याजवळ येऊन थांबली आणि बाकीच्यांना म्हणाली, ‘पाहिलं ना? पेंटर दादा पह्यले पुढं झाला, रस्ता मोकळा हाय का पाहाले. एका झटक्यात!’ सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी चप्पल नीट केली. म्हणालो, ‘चला, तास जाईन.’

शाळेच्या फाटकाजवळ बहीण मागे रेंगाळली. इतर आत गेल्यावर हळूच म्हणाली, ‘दादा, तू भेला होता ना?’

‘हो.’

‘मी बी.’ मग सायकल लावायला वळली आणि वळता वळता म्हणाली, ‘आता पायडल लाव. ढकलत येतो तं लाज वाटते.’

पायडलं रंगाच्या रिकाम्या डब्यात आहेत. अजून लावली नाहीत. घरी येताना त्या उतारापाशी मी उतरलो, सायकल हातात धरली आणि गाणं म्हणत, मोठ्यानं, नाला पार केला. आता थोड्या वेळानं पुन्हा तिथूनच जायचं आहे. दहा घरांच्या पाळ्या फिरून पुन्हा आमच्याकडे येणार आहेत आणि बाबांचा पाय इतक्यात बरा होणार नाही. रात्री झोप लागेल असं वाटत नाही.

तो पहिला माणूसही असाच कुठल्या तरी उतारावर असेल, असं आज वाटलं. जंगल खात्याचाच होता, म्हणजे त्याच्याही रस्त्याच्या बाजूला झुडपं असणार. सगळ्यात मोठा शोध कोणता याचं माझं उत्तर आता बदललं आहे, ‘पाय उचलणं’, आणि ते कारणासह लिहिताही येईल. वाटलं होतं की पत्राच्या शेवटी तुमच्याकडे तो राहिलेला अर्धा गुण मागावा.

पण तो मागता येत नाही. मी ओळीत सगळ्यात शेवटी राहायचं ठरलं होतं, वाघ मागून येतो म्हणून, आणि उताराच्या खाली पोचलो तेव्हा मी सगळ्यात पुढे होतो. दहा पोरी मागे होत्या आणि त्यांत माझी बहीण होती. काकूंची पोरगी जे बोलली, मी रस्ता पाहायला पुढे झालो असं, ते मी खोडलं नाही.